पिल्लू कोठून आणावे?

मांजर ही विकत घ्यावयाची वस्तू आहे, ही कल्पनाच वऱ्हाडात अलीकडची. बैलजोडीचा सौदा होई, गाईची किंमत ठरे, शेळीचे पैसे मोजून घेतले जात. मांजर मात्र मागून आणावयाचे असे, नाहीतर ते आपणहून येई. शेजारची मांजरी व्याली की तिची पिल्ले डोळे उघडण्यापूर्वीच कोणाकोणाच्या वाट्याला लागलेली असत. पिल्लू पिशवीत घालून, परतीची वाट त्याला उमगू नये म्हणून दोन आळ्या आडवळणाने फिरवून घरी आणीत, वाटीभर दूध पुढे ठेवीत आणि व्यवहार संपे. त्यात पैसा कोठेच नव्हता. किंबहुना मांजराचे पैसे मागणे हे मागणाऱ्यालाच कमीपणाचे वाटले असते.

धामणगाव रेल्वे हे गाव तर अशा मांजरांना सोयीचेच. अमरावती जिल्ह्यात अचलपूरकडे आणखी एक धामणगाव आहे, ते गढीचे, हे रेल्वेचे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला आणि वर्धा नदीच्या अलीकडचे हे ठिकाण कापसाच्या व्यापाराचे झाले. यवतमाळला जाणाऱ्या प्रवाशांच्या कित्येक पिढ्या येथे गाडीतून उतरल्या. कापूस आला तशी सरकी आली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, धान्याची अडत आली. जेथे सरकीचे ढीग आणि धान्याची पोती, तेथे उंदीर; आणि जेथे उंदीर, तेथे मांजर. व्यापाऱ्याच्या गादीवर, किराणा दुकानाच्या गल्ल्याशेजारी अंगाचे मुटकुळे करून बसलेले मांजर हा कोणाचा छंद नव्हता, ती एक बिनपगारी नोकरी होती.

त्याच गावात आता एखाद्या शिक्षकाच्या घरी मांजराचा विषय निघतो तेव्हा प्रश्न वेगळ्याच शब्दांत विचारला जातो. घरातील मुलीने मोबाईलवर एक चित्र पाहिलेले असते : बसक्या नाकाचे, गोल चेहऱ्याचे, पांढऱ्या रेशमी केसांचे पर्शियन पिल्लू. किंमत पाच आकडी. नागपूर, पुणे किंवा मुंबईचा कोणी पैदासकार ते पाठवून देण्यास तयार असतो. तिचा महाविद्यालयात शिकणारा भाऊ तिला अडवितो. त्याने मोबाईलवरच दुसरे काही वाचलेले असते : मांजर विकत घेणे हे पाप, ते दत्तक घ्यावे, आश्रयगृहातून आणावे. वडील दोघांचे ऐकतात. पाच आकड्यांनी ते दचकलेले असतात आणि आश्रयगृह या शब्दाने बुचकळ्यात पडलेले असतात. कारण मांजरांचे आश्रयगृह त्यांच्या पाहण्यात कोठे नसते.

या दोन्ही शब्दांचा प्रवास गमतीचा आहे. पैदासकार हा शब्द शेतकऱ्याला बियाण्याच्या आणि जनावरांच्या संदर्भात ठाऊक आहे. आश्रयगृह म्हटले की वऱ्हाडी माणसाच्या डोळ्यांपुढे गोरक्षण संस्था उभी राहते, पण तेथे गाय असते, मांजर नसते. मांजराच्या संदर्भात हे दोन्ही शब्द बाहेरून आले आहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांचे भांडणही आयते आले आहे. ते भांडण निरर्थक नाही. पण ज्या गावात धड पैदासकारही नाही आणि धड आश्रयगृहही नाही, तेथे त्याचा अर्थ नव्याने लावावा लागतो.

योगायोग असा की या दोन्ही वाटांची जुनी नोंद एकाच प्रवाशाच्या पत्रांत सापडते. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा रोमचा उमराव १६२० साली इराणात इस्फहानला होता. खोरासानकडून येणारी लांब, रेशमासारख्या केसांची मांजरे त्याने तेथे पाहिली आणि त्यांच्या जोड्या रोमला नेऊन तेथे त्यांची वीण वाढवावी, असा बेत त्याने पत्रात लिहून ठेवला. आज पर्शियन म्हणून जे मांजर विकले जाते त्याच्या वंशावळीतील या सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक. हाच गृहस्थ पुढे हिंदुस्थानात आला आणि १६२३ साली खंभातला पोचला. तेथे त्याने पक्ष्यांचे आणि जनावरांचे इस्पितळ पाहिले. आई मेलेली उंदराची पिल्ले तेथे कापसात जपून ठेवलेली होती आणि पांढऱ्या दाढीचा, चष्मा लावलेला एक वृद्ध पक्ष्याच्या पिसाने त्यांच्या तोंडात दूध सोडीत होता. देखणे जनावर हेरून त्याची वीण वाढवावी ही एक वृत्ती. जे जन्माला आले आहे, मग तो उंदीर का असेना, त्याला जगवावे ही दुसरी. दोन्ही एकाच माणसाने तीन वर्षांच्या अंतराने पाहिल्या आणि दोहोंचे त्याला कौतुक वाटले.

पुढे दोन्ही वृत्तींच्या संस्था झाल्या. मुंबईत १८३२ साली भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती-जैन व्यापारी यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. प्राणिक्लेश प्रतिबंधक मंडळी मुंबईत १८७४ साली स्थापन झाली आणि १८८३ साली परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ निघाले. ते आजही चालू आहे. तिकडे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ च्या जुलैमध्ये हॅरिसन वीअर या चित्रकाराने मांजरांचे मोठे प्रदर्शन भरविले. आधुनिक मार्जार-प्रदर्शनांचा आरंभ तेथून मानतात. प्रदर्शन आले म्हणजे बक्षीस आले, बक्षीस आले म्हणजे नियम आले : नाक किती बसके, कान केवढे, डोळ्यांचा रंग कोणता. मांजराची जात कागदावर आली ती अशी.

मराठी वाचकाला मात्र आश्रयाची कल्पना शिकण्यासाठी मुंबईपर्यंतही जावयास नको. महिपतीच्या 'भक्तविजया'मुळे राका कुंभाराची कथा घरोघर पोचली. मांजरीने पिल्ले मडक्यात ठेवली आहेत हे न कळता राकाने आवा पेटविला, आणि कळल्यावर तो व त्याची पत्नी बंका विठ्ठलाचा धावा करीत बसली. आवा उघडला तेव्हा तेवढे एक मडके कच्चे राहिलेले होते आणि पिल्ले जिवंत होती. कथेतील चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. ही मांजरी राकाने पाळलेली होती, असे कथेत महत्त्वाचे नाही. तिने त्याच्या अंगणातील मडके निवडले एवढ्यानेच ती पिल्ले त्याची झाली. वैष्णव आचार्यांनी तर भक्ताच्या संपूर्ण शरणागतीला 'मार्जारकिशोर न्याय' असे नाव दिले. माकडाचे पोर आईला स्वतः बिलगून राहते, मांजराचे पिल्लू मात्र काहीच करीत नाही, आई नेईल तेथे जाते. ते कोठे नेले जाते, हा मग सगळा प्रश्न नेणाऱ्याचा.

पैदासकारावर सरसकट आगपाखड करणे बरोबर नाही. चांगला पैदासकार असू शकतो, आणि तो कसा ओळखावा हे सांगता येते. तो पिल्लाबरोबर त्याची आई दाखवितो. आई कोणत्या जागेत राहते, वर्षातून कितीदा विते, तिचे वय काय, हे विचारल्यावर चिडत नाही. ८ आठवड्यांच्या आत पिल्लू हातावेगळे करीत नाही. १२ आठवडे आईजवळ ठेवील तर अधिक चांगले. हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी फिनलंडमधील हजारो मांजरांच्या माहितीवरून २०१७ साली दाखवून दिले की ८ आठवड्यांपूर्वी आईपासून तोडलेली पिल्ले मोठेपणी अधिक आक्रमक निघतात. मोबाईलवरील जाहिरातींत मात्र ५-६ आठवड्यांची पिल्ले सर्रास दिसतात, कारण पिल्लू जितके लहान तितके चित्रात गोजिरे दिसते आणि जितके लवकर विकले जाईल तितका त्याच्यावरचा खर्च वाचतो.

पर्शियन घेणाऱ्याने आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा एक आनुवंशिक रोग आहे. तो एकाच जनुकाच्या दोषाने होतो आणि तो दोष २००४ साली निश्चित करण्यात आला. आईबापांपैकी एकात जरी तो असला तरी प्रत्येक पिल्लाला तो मिळण्याचा संभव निम्मा. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत पर्शियन मांजरांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक मांजरांत हा रोग आढळला होता. गालाच्या आतून पुसून घेतलेल्या लाळेवरून त्याची तपासणी होते. म्हणजे ज्याला तपासावयाचे आहे त्याला तपासता येते. पाच आकडी किंमत सांगणाऱ्याने ही तपासणी केली आहे काय? उत्तर बहुधा मौन असते.

बसक्या नाकाचा प्रश्न तर तपासणीवाचूनच दिसतो. चेहरा जितका चपटा तितका श्वासाचा मार्ग अरुंद, अश्रुवाहिनी वाकडी, डोळ्यांतून सतत पाणी. लंडनच्या थंडीत हे कसेबसे निभते. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. माणसे कूलरपुढून हलत नाहीत, आणि वीज गेली की कूलरही थांबतो. मांजराला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. ते धाप टाकून आणि अंग चाटून उष्णता घालविते. ज्याचे नाक घडवितानाच मिटवून टाकले आहे आणि ज्याच्या अंगावर बोटभर लांबीची लोकर आहे, त्याला धामणगावच्या उन्हाळ्यात आणणे हा शौक कोणाचा आणि सोसणे कोणाचे, हे वडिलांनी मुलीला समजावून सांगण्यासारखे आहे. ती समजून घेते. मुले या बाबतीत मोठ्यांपेक्षा शहाणी असतात.

कान पुढे दुमडलेल्या स्कॉटिश फोल्ड जातीची कथा याहून वाईट. १९६१ साली स्कॉटलंडमधील एका शेतावर अशा कानांची एक मांजरी आढळली आणि सारी जात तिच्यापासून निघाली. पुढे कळले की कानाची कुर्चा ज्या दोषामुळे दुमडते तोच दोष सांध्यांतही असतो आणि ती मांजरे आयुष्यभर दुखऱ्या पायांनी चालतात. ब्रिटनमधील प्रमुख मार्जार-नोंदणी संस्थेने १९७० च्या दशकाच्या आरंभीच या जातीची नोंद थांबविली. नेदरलँड्सने २०१४ पासून तिच्या पैदाशीवर बंदी घातली. आपल्याकडे मात्र ती अजून मोठ्या किमतीला विकली जाते. जे गोजिरे दिसते ते व्यंग असू शकते, एवढे चित्रावरून कळत नाही.

या व्यापारावर आपल्या कायद्याचा हात फार सैल आहे. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी केंद्र सरकारने २०१७ साली स्वतंत्र नियम केले. मांजरांच्या पैदाशीसाठी तसे केलेले नाहीत. २०१८ चे पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे नियम मांजरांना लागू आहेत आणि त्यांनुसार दुकानदाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. म्हणून विकत घेणाऱ्याने निदान नोंदणीचा क्रमांक मागावा. आगाऊ पैसे पाठविण्यास सांगणारा आणि पिल्लू प्रत्यक्ष दाखविण्यास टाळाटाळ करणारा विक्रेता भेटला तर ते पिल्लू मुळात अस्तित्वात आहे की नाही, अशीच शंका घ्यावी. फोटोतील मांजरे विकून फसविणाऱ्यांचा धंदा देशभर चालतो.

आता आश्रयगृहाकडे. धामणगावाहून सुमारे ५० किलोमीटरवर, वर्ध्यालगत पिपरी मेघे येथे, पीपल फॉर अॅनिमल्स या संस्थेचा करुणाश्रम आहे. जखमी वन्य प्राण्यांपासून टाकून दिलेल्या पाळीव जनावरांपर्यंत अनेक जीव तेथे येतात. अशा संस्थेतून पिल्लू आणणे म्हणजे दोन उपकार : एक जीव घरी येतो आणि दुसऱ्यासाठी जागा रिकामी होते. पण आश्रयगृह म्हटले की सारे मंगल, असेही समजू नये. पैसा थोडा, हात थोडे, जनावरे फार, ही अशा संस्थांची सार्वत्रिक अवस्था. दाटीत ठेवलेल्या पिल्लांत सर्दी-पडशाचे आणि जुलाब-वांत्यांचे साथीचे रोग झपाट्याने पसरतात. पॅनल्यूकोपेनिया नावाचा रोग तर दोन-चार दिवसांत पिल्लांची अख्खी वीण नेतो. त्यामुळे तेथेही आईविषयी नाही तरी लसीविषयी विचारलेच पाहिजे. घरी आधीचे मांजर असेल तर नवे पिल्लू पंधरा दिवस निराळ्या खोलीत ठेवले पाहिजे. जंत, पिसवा, गजकर्ण हे पाहुणे बहुधा बरोबर येतात. ते औषधाने जातात.

चांगली संस्था उलट प्रश्न विचारते. घर भाड्याचे आहे काय? घरमालकाची संमती आहे काय? बदली झाली तर मांजराचे काय? अनेकांना हे प्रश्न अपमानास्पद वाटतात. फुकटचे मांजर, वर ही उलटतपासणी! पण प्रश्न योग्यच आहेत. शिक्षक, बँकेतील कारकून, रेल्वेतील नोकर हे बदलीचे लोक. ट्रक येतो, कपाट चढते, कुंड्याही चढतात. मांजर मागे राहते आणि शेजारी त्याला चार दिवस भाकरी घालून पाचव्या दिवशी विसरतात. घरात नीट सांभाळलेले मांजर १२-१५ वर्षे जगते. सातवीतील मुलीने आणलेले पिल्लू ती नोकरीला लागेल तेव्हाही उंबऱ्यावर बसलेले असेल, हे हिशेबात धरूनच हो म्हणावे. विकणारा मात्र यातील एकही प्रश्न विचारीत नाही. त्याला पैसे मिळाले की पुरे असते.

शाकाहारी घरांसाठी येथेच एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. धामणगावात अशी घरे पुष्कळ आहेत. मांजर हा पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा पदार्थ मांस-मासळीत असतो, वनस्पतीत जवळजवळ नसतो, आणि मांजराच्या शरीराला तो पुरेसा तयार करता येत नाही. तो न मिळाल्यास मांजर आंधळे होते हे १९७५ मध्ये आणि त्याचे हृदय खालावते हे १९८७ मध्ये सिद्ध झाले. दूध-पोळीवर वाढलेले मांजर जगते ते बाहेर उंदीर-चिमण्या धरते म्हणून. खिडक्यांना जाळी लावून त्याला घरातच ठेवावयाचे असेल तर त्याचा आहार घरात आला पाहिजे, निदान डब्यातील तरी. हे ज्या घराला मान्य नाही त्याने मांजराचा मोह आवरावा. गाईच्या दुधाने तर बहुतेक मोठ्या मांजरांचे पोटच बिघडते. पण मांजर आणि दूध ही जोडी आपल्या म्हणींत इतकी पक्की बसली आहे की डॉक्टरचेही कोणी ऐकत नाही.

मात्र भावाबहिणीच्या या वादात, विकत की दत्तक या झगड्यात, एक पिल्लू दोघांच्याही नजरेतून सुटलेले असते. ते नागपूरच्या पैदासकाराकडे नाही आणि वर्ध्याच्या आश्रमातही नाही. ते तीन गल्ल्यांपलीकडे सरकीच्या पोत्यांमागे किंवा कोणाच्या तरी न्हाणीघराच्या माळ्यावर आहे. आणि ते बहुधा मादी आहे.

मागून आणण्याची जुनी प्रथा गोड होती, पण तिची एक बाजू कोणी सांगत नाही. पिल्लू मागावयास येणारा माणूस बजावून सांगे, "बोका असन तं देजो, मादी नोको." मादी घरी आणली म्हणजे सहा महिन्यांत ती विणार, आणि मग तिची पिल्ले वाटीत हिंडावे लागणार. म्हणून बोके वाटले जात आणि माद्या उरत. उरलेल्यांचे काय होई? पोत्यात घालून त्या बाजार समितीच्या आवारात, स्टेशनाच्या पलीकडे, नाहीतर नदीकाठी सोडून दिल्या जात. घरात कोणी मांजर मारीत नसे. मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते, ही समजूत पक्की होती. सोडून देणे मात्र पापात मोजले जात नव्हते. आजही मोजले जात नाही. कायदा मात्र मोजतो. उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. त्याला पहिल्या खेपेस दंड किती? १० ते ५० रुपये. एवढ्या रकमेत आज स्टेशनावर दोघांचा चहाफराळही होत नाही.

मादीला नाकारण्याचे हे जे कारण आहे, ते आज उरलेले नाही, आणि सगळ्या प्रश्नाची गुरुकिल्ली येथे आहे. चार-पाच महिन्यांच्या मांजरीवर पशुवैद्याने केलेली एक शस्त्रक्रिया तिची वीण कायमची थांबविते. ती झाली की मादी पाळणे बोका पाळण्याइतकेच सोपे. बोक्याची शस्त्रक्रिया तर आणखी लहान, आणि ती केली की भिंतीवर मूत्र उडविणे, रात्रभर भांडणे, दिवसचे दिवस नाहीसे होणे, हे बोक्याचे अवगुणही बरेच ओसरतात. हिशेब साधा आहे. मांजरीचा गर्भकाळ सुमारे ६५ दिवसांचा; एका वेतात चार-पाच पिल्ले; पहिले वेत संपते न संपते तोच, पिल्ले अंगावर पीत असतानाही, ती पुन्हा गाभण राहू शकते. एक मादी एका वर्षात दोन-तीनदा विते आणि तिच्या पहिल्या वेतातील मुली त्याच वर्षाच्या अखेरीस आई होतात. वर्ध्यासारखी एखादी संस्था कितीही मोठी केली तरी ही गंगा तेथे मावणार नाही.

अडचण आहे ती सोयीची. तालुक्याच्या ठिकाणचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने गाय, बैल, म्हैस, शेळी यांच्यासाठी निघाले. शेतीप्रधान मुलखात ते योग्यच होते. मांजर टोपलीत घालून तेथे जाणारा माणूस अजूनही थट्टेचा विषय होतो. नागपूरला १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, २००० साली राज्याचे पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठही तेथेच झाले; अकोल्याला पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था आहे. म्हणजे वऱ्हाड-नागपुरात या विद्येचा दुष्काळ नाही. ती विद्या तालुक्यापर्यंत महिन्यातून एक दिवस जरी आली, आणि नगर परिषदेने त्या दिवसापुरती एक खोली, पाणी व वीज दिली, तर पोत्यातून सोडल्या जाणाऱ्या माद्यांची संख्या दोन-तीन वर्षांत डोळ्यांना दिसेल इतकी घटेल. प्रत्येक जिल्ह्यात प्राणिक्लेश प्रतिबंधक सोसायटी असावी असा नियम २००१ सालचा आहे. तिचे अध्यक्षपद कोणाकडे आहे हे शहरातील किती सुशिक्षितांस सांगता येईल?

तोपर्यंत ज्याला मांजर हवे आहे त्याने काय करावे? आधी आपल्या आळीत विचारावे. दुकानदाराला, जिनातील चौकीदाराला, घरकामाच्या बाईला विचारले की तासाभरात पत्ता लागतो. पिल्लू हेरले की लगेच उचलू नये. दोन ते सात आठवड्यांच्या वयात पिल्लाने माणसाचा हात, माणसाचा आवाज यांची ओळख करून घेतली तर ते जन्मभर माणसाळते. त्या काळात रोज थोडा वेळ जाऊन त्याला हाताळावे, पण आठ आठवडे होईपर्यंत आईजवळच राहू द्यावे. मुलीला त्या सहा आठवड्यांत जेवढे शिकावयास मिळेल तेवढे शाळेच्या जीवशास्त्रात मिळणार नाही. आळीत नसेल तर वर्ध्याला जावे. आणि एवढे सारे करूनही कोणास विशिष्ट जातीचेच मांजर हवे असेल, तर त्याने पैदासकाराच्या दारात स्वतः जावे, आई पाहावी, लाळेच्या तपासणीचा कागद पाहावा, चपट्या नाकाचे टाळावे आणि कान दुमडलेले घेऊच नये. खर्चाची तुलनाही करून पाहावी. पर्शियन पिल्लाच्या किमतीत गल्लीतील पिल्लाची लस, जंताचे औषध, शस्त्रक्रिया आणि कित्येक महिन्यांचे खाणे होऊन जाते. आपले गावठी मांजर इराणी मांजराइतके चित्रात भरत नाही. पण शेकडो पिढ्या याच उन्हात ते निवडले गेले आहे. आखूड केस, लांब नाक, मोठे कान, सडपातळ अंग. मे महिन्यातील दुपारी ते माठाखालच्या ओल्या फरशीवर पसरते आणि संध्याकाळी उठून शिकारीला जाते.

मादी आणावी. आणि पिल्लू घरी आले, रुळले, की त्याच्या आईला विसरू नये. तिचे दूध आटल्यावर, पुढचे वेत राहण्यापूर्वी, त्याच टोपलीत घालून तिलाही डॉक्टरकडे न्यावे लागते. हे दोघातिघांनी मिळून करण्याचे काम आहे. एकाने टोपली धरावी, एकाने वर चादर टाकावी, एकाने जिनाच्या मालकाशी बोलून ठेवावे. शस्त्रक्रियेनंतर तिला आठवडाभर एखाद्या बंद खोलीत ठेवून, टाके सुकले की पुन्हा तिच्या सरकीच्या पोत्यांपाशी सोडून यावे. उंदीर तेथे आहेतच, आणि व्यापाऱ्यालाही ती हवीच असते.